दोन बटणांचं कलम

माझ्या नवऱ्याला लोक आधी संशोधक म्हणायचे, मग शेठ म्हणायला लागले, आता खासदारसाहेब म्हणतात. मी 'अहो' म्हणते, आणि हल्ली तेही तोंडातून निघत नाही.

माझ्या धाकट्या दिरांची, भाऊजींची, उजव्या हाताची चार बोटं पत्रा कापणाऱ्या प्रेसखाली गेली. हे तेव्हा त्याच कारखान्यात फिटर होते. झोप उडाली यांची. आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर खटपट करून यांनी एक कळ बनवली. दोन बटणं, लांब लांब बसवलेली. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येणार. हातच बटणांवर, मग बोटं चिरडतील कशाला? तेव्हाचा हा माणूस मला फार आवडायचा.

कळ खपली, पैसा आला. पुढे कळीवरचे हक्क संपले आणि ती कुणीही बनवायला लागलं. तोवर यांनी गाड्यांचे सुटे भाग बनवायचा कारखाना टाकला होता. तिथे प्रत्येक प्रेसचं एक बटण पाचर ठोकून कायमचं दाबून ठेवलेलं, एक हात मोकळा राहिला की माल भराभर निघतो म्हणून. मी विचारलं, तर म्हणाले, "कामगारच ठोकतात गं, मी काय करू?" त्या पाचरा यांच्याच सुतारशाळेत पोत्यानं तयार होत होत्या.

मग निवडणूक. दर सभेत भाऊजींना मंचावर उभं करायचं. "दाखव रे हात!" भाऊजी दाखवायचे, बायका डोळे पुसायच्या, हे रुमाल काढायचे. मला अक्षरशः शिसारी यायची. भाऊजी म्हणायचे, "असू दे वहिनी, दादा कायदा करणार आहे."

कायद्याचं विधेयक संसदेत आलं. त्यात एक कलम होतं, दोन बटणांशिवाय प्रेस चालवली किंवा पाचर सापडली तर मालकाला तुरुंग. भाऊजींचा सगळा जीव त्या कलमात, कारण त्यांची लेक एका शेडमध्ये तसल्याच उघड्या प्रेसवर बसते. पण ते कलम वगळा, अशी सूचना आली. भाऊजी धावत घरी आले.

"दादा, तेवढं राहू दे."

"वेडा की काय तू? अरे, माझं पोर आहे ते कलम!" यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

मतदानाला मी आणि भाऊजी वरच्या गॅलरीत होतो. सभागृहात मत द्यायलाही दोन हात लागतात. एका हातानं एक बटण, दुसऱ्यानं दुसरं, तेही एकदम, म्हणजे शेजारच्या गैरहजर माणसाचं मत कुणाला दाबता येत नाही. यांनी बाह्या सारख्या केल्या, दोन्ही हात ठेवले आणि दाबले. समोरच्या फलकावर यांच्या जागेचा दिवा लागला, कलम वगळण्याच्या बाजूनं. कलम गेलं.

"वहिनी, दादाचा दिवा कुठला?" भाऊजींनी विचारलं. त्यांना चांगला दिसत होता. तरी मी बोटानं दाखवला.

बाहेर हे हसत आले. "पक्षाचा आदेश होता रे. पण तू काळजी करू नकोस. पोरीला उद्यापासून माझ्या ऑफिसात बसव. पंख्याखाली, खुर्चीवर. झालं?"

केसानं गळा कापून वर मलम लावायला आला होता हा माणूस. मला वाटलं, भाऊजी आता थुंकतील. निदान पाठ फिरवतील. भाऊजींनी बिनबोटांचा हात दुसऱ्या हाताला जोडला. "उपकार झाले दादा."

मी सगळ्यांदेखत विचारलं, "आणि तिच्या प्रेसवर उद्या कोण बसणार?"

हे घड्याळाकडे बघायला लागले. उत्तर भाऊजींनी दिलं, खाली मान घालून.

"बसेल की वहिनी, कुणाची तरी पोर."