चिठ्ठीवरचे तीन आठवडे

मास्तरांच्या दुकानात प्रत्येक कपड्याला दोन तारखा असत. एक खरी, ती मास्तरांच्या डोक्यात. दुसरी गिऱ्हाइकाची, पुढची, ती चिठ्ठीवर. शर्ट असला तर दोहोंत एक आठवड्याचं अंतर, कोट असला तर दोन, आणि काम मोठं असलं तर तीन. याला खोटं म्हणू नये. मास्तर देवभीरू माणूस, सकाळी हात जोडल्याशिवाय कात्री उचलत नसत. त्यांचं म्हणणं एवढंच, की माणसाच्या हातात सुईदोरा आहे, दिवस त्याच्या हातात नाहीत. ज्याच्या हातात आहेत त्याला थोडी जागा सोडावी. एवढी जागा सोडूनही कपडे वेळेवर होत नसत, ही गोष्ट वेगळी.

सुनेला दिवस गेले आणि ती दवाखान्यातून बाळंतपणाच्या तारखेचा कागद घेऊन आली, तेव्हा मास्तरांनी चष्मा लावला, कागद वाचला आणि सवयीने चिठ्ठी फाडली. वर लिहिलं ‘बाळ’, खाली तारीख, आणि चिठ्ठी भिंतीवरच्या खिळ्याला टोचली. काम मोठं होतं.

सून त्याच खिळ्यासमोर बसून काज-बटणं करत असे. तो कागद लावलेली दवाखान्याची फाइल गेली खणात, टेपांच्या गुंत्याखाली. सुनेने चिठ्ठीवरच्या तारखेवरून उलटे आठवडे मोजले, झालेल्या आठवड्यांच्या रेघा भिंतीवर ओढल्या आणि पुढे ती दर सोमवारी खडूची एक रेघ ओढायला लागली. सासऱ्यांच्या अक्षरावर शंका घ्यायची तिला काही गरज वाटली नाही. गिऱ्हाइकांनाही वाटत नसे.

आता हिची काळजी काय होती, ते सांगायला हवं. ही आठ वर्षांची असताना हिच्या तान्ह्या भावाला डांग्या खोकला झाला होता. खोकून खोकून तो निळा पडे, आणि मग श्वास परत येईपर्यंत ही दाराशी उभी राहून आकडे मोजे. एकदा सत्तावीसपर्यंत गेले होते. भाऊ वाचला. आता तो विमा विकतो आणि श्वास न घेता बोलतो. पण सत्तावीस हा आकडा हिच्या डोक्यातून गेला नाही.

म्हणून दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितलं, “बाळाला दीड-दोन महिने डांग्या खोकल्याची स्वतःची लस मिळत नाही, तोवरचं संरक्षण तू तुझ्या अंगातून द्यायचं. सत्ताविसावा ते छत्तिसावा आठवडा, यात कधीही लस टोचून घ्यायला ये, लवकर आलीस तर बरं,” तेव्हा घ्यायची की नाही हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता कधी. आणि तो घरात चर्चेला आला, हीच चूक झाली.

“इतक्यात कशाला?” सासूबाई इस्त्री फिरवत म्हणाल्या. “सगळ्यात शेवटी इस्त्री. आधी करून ठेवली की चुरगळते. बाळ येईपर्यंत ती लस शिळी नाही का व्हायची?”

“आई म्हणते त्यात तथ्य आहे,” नवरा मशीनवरून म्हणाला. आईच्या प्रत्येक बोलण्यात त्याला तथ्य सापडत असे. “शिवाय शाळेचे दीडशे गणवेश आहेत. दंड दुखला तर बटणं कोण लावणार?”

“तुम्ही लावा की,” सून म्हणाली.

“मी लावलेलं बटण राहतं का?”

राहत नसे. ते सगळ्यांना माहीत होतं.

इस्त्रीचा मुद्दा सुनेलाही पटला, कारण जन्म त्या दुकानात काढल्यासारखीच झाली होती ती. तिने ठरवलं, चौतिसाव्या रेघेला जायचं. गणवेश पोचलेले असतील, मुदत संपलेली नसेल आणि बाळाला ताजी कडक लस मिळेल. मधली एक तपासणी गणवेशांच्या गडबडीत राहून गेली.

एकतिसावी रेघ ओढली त्या सोमवारी दुपारी सिस्टरच दुकानात आली. तिचा पांढरा कोट शिवायला टाकलेला होता.

“मास्तर, माझा कोट?”

“झालाच समजा.”

“गेल्या सोमवारीही समजलेच होते मी.” तिची नजर सुनेकडे गेली. “काय गं, तू गायब कुठे? कितवा चालू आहे?”

“एकतिसावा.”

सिस्टर तिच्या पोटाकडे बघत राहिली. मग मास्तरांच्या गळ्यातली टेप तिने न विचारता काढून घेतली. “हो आडवी. या टेबलावर. तुम्ही दोघं पुरुष तिकडे तोंड करा.”

मास्तर आणि त्यांचा मुलगा अस्तराच्या फळीकडे तोंड करून उभे राहिले. सून कटिंगच्या टेबलावर, अर्ध्या कापलेल्या गणवेशांच्या शेजारी आडवी झाली. सिस्टरने टेप उलटी केली. त्या बाजूला सेंटिमीटर होते. मास्तरांनी चाळीस वर्षांत ती बाजू वापरली नव्हती.

“आठवडे जितके, साधारण तितके सेंटिमीटर,” माप घेत सिस्टर म्हणाली. “चौतीस.”

“सैल धरलीत का टेप?” मास्तरांनी फळीला विचारलं.

“नाही. एक-दोनचा फरक चालतो. तीन म्हणजे बघायला हवं. फाइल कुठे आहे?”

“फाइल कशाला? तारीख समोर आहे की,” सून म्हणाली आणि तिने भिंतीवरच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं.

मास्तरांनी मागे वळून चिठ्ठीकडे पाहिलं. मग परत फळीकडे पाहिलं.

“अहो,” सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, “ही तारीख कुठली? आपली की गिऱ्हाइकाची?”

मास्तरांनी फळीवरचं अस्तर सारखं केलं. शेवटी म्हणाले, “गिऱ्हाइकाची.”

सून उठून बसली. “बाबा, मी गिऱ्हाईक आहे?”

“हात वळला गं. मोठं काम दिसलं की वळतो.”

खणातून टेपांचा गुंता निघाला, त्याखालून फाइल निघाली. तिच्यातल्या तारखेप्रमाणे चौतिसावा आठवडा, आजच सुरू झालेला. सुनेच्या चौतिसाव्या रेघेला सदतिसावा लागला असता.

“म्हणजे मुदत गेलीच असती,” सून म्हणाली. तिचा हात पोटावर होता आणि ओठ हलत होते. काही मोजत असावी.

“अजून गेलेली नाही,” सिस्टर म्हणाली. “पण तू शेवटाची वाट का बघत होतीस?”

“इस्त्री,” सासूबाई म्हणाल्या. “शेवटी करतात.”

सिस्टरला ते समजायला थोडा वेळ लागला. मग तिने एका अर्धवट कोटाची बाही उलटी करून दाखवली. “ही इस्त्री नाही हो, हे अस्तर आहे. तुमच्या सुनेच्या अंगात ते तयार व्हायला आणि बाळापर्यंत पोचायला पंधरा दिवस तरी लागतात. कोट शिवून बंद झाल्यावर अस्तर घालता का तुम्ही?”

“छे!” मास्तर म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांना धंद्यातलं कोणी शिकवलं नव्हतं. शिकवलेलं बरोबर होतं, म्हणून ते जास्त लागलं.

“उद्या सकाळी जाऊ,” नवरा म्हणाला.

“आत्ता,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी चपला घातल्या. भरदिवसा दुकान सोडून ते याआधी दोनदाच गेले होते, दोन्ही वेळा कुणाच्या तरी मयताला.

दवाखान्याच्या खिडकीतल्या बाईने प्रसूतीची तारीख विचारली. सून बोलायच्या आत मास्तर पुढे झाले आणि त्यांनी खरी तारीख सांगितली. सांगताना त्यांना थोडा घाम आला. सुनेच्या दंडात सुई गेली तेव्हा तिने डोळे मिटले. मास्तरांनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि बाहेर येऊन ते पाणी प्यायले.

बाळ डॉक्टरांच्या तारखेचीही वाट न बघता आलं. मुलगी. सुई टोचली त्यानंतर पंचविसाव्या दिवशी. रेघांप्रमाणे थांबली असती, तर सुई आणि मुलगी यांच्यात चारच दिवस राहिले असते. सुनेने हा हिशेब खाटेवर पडल्यापडल्या केला, एकदाच, आणि मग मुलीचा श्वास ऐकत राहिली. तो सरळ चालला होता. त्यात मोजण्यासारखं काही नव्हतं.

मास्तर नातीला बघायला आले, तेव्हा सिस्टर दारातच भेटली.

“मास्तर, माझा कोट?”

“उद्या,” मास्तर म्हणाले. मग त्यांनी आत पाळण्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“पुढच्या गुरुवारी. ही खरी आहे.”