खालचं घर

जॅक लावून घर उचललं तेव्हा भिंती, खिडक्या, छप्पर सगळं सात फूट वर गेलं. जुनी फरशी मात्र जमिनीलाच राहिली. माधवराव आगाश्यांच्या हे आधी लक्षातच आलं नव्हतं.

त्यांचं घर सिंहगड रस्त्याला, नदीकाठच्या कॉलनीत. एका पावसाळ्यात खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि स्वयंपाकघरात कंबरभर चढलं. तेव्हा त्यांच्या पत्नीने, मंदाकिनीबाईंनीच हट्ट धरला, की घर विकायचं नाही, उचलून घ्यायचं. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं. पाच फूट का पुरणार नाहीत, सातच का हवेत, तेही त्यांनीच कागदावर मांडून दाखवलं. खांब, वरची नवी जमीन, नवा जिना होईपर्यंत वर्ष गेलं. भाड्याच्या जागेतल्या त्या वर्षात बाईंची स्मरणशक्ती हळूहळू विरत गेली.

वर राहायला आल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. आपण फार छान ठेवून घेतलंत, पण आता घरी जायला हवं, असं माधवरावांना म्हणाल्या आणि जिना उतरल्या. खांबांमधून वाट काढत नेमक्या जुन्या स्वयंपाकघराच्या शहाबादीवर जाऊन बसल्या. ओटा गेला होता, त्याची खूण तेवढी उरली होती. तिच्यावर त्यांनी हात फिरवला आणि त्यांचा चेहरा सैलावला.

मग ते रोजचंच झालं. माधवराव शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत. आपण कोण म्हणून इथे बसलोय, नवरा की सोबतीला आलेला कुणी, हे बाईंना विचारायचं धाडस त्यांना कधी झालं नाही.

एका दुपारी त्यांचा डोळा लागला तेवढ्यात बाई खांबांतून रस्त्यावर गेल्या. राजाराम पुलाजवळच्या एका भाजीवाल्याने त्यांना रिक्षात घालून आणून सोडलं. पायात चप्पल नव्हती. बंगळूरला राहणाऱ्या मुलीला, वल्लरीला कळल्यावर ती फोनवर रडली आणि म्हणाली, "बाबा, खालचं सगळं बंद करून कुलूप लावा. जाताच आलं नाही तर विसरेल ती."

नागोराव मूळचा यवतमाळचा, वेल्डिंगची कामं घेणारा. त्याने खांबाखांबांत लोखंडी चौकटी उभ्या केल्या आणि त्यांवर सिमेंटचे पत्रे ठोकत आणले. तळाशी वीतभर जाळी ठेवली. पाणी आलंच तर आत येऊन निघून जाईल, सगळं बंद केलं तर पत्रेच उपटून नेईल, असं त्याने समजावलं. तिसऱ्या दिवशी एकच बाजू उरली, दाराची. बाई आत फरशीवर बसलेल्या. नागोरावने हातातलं ड्रिल खाली ठेवलं आणि तो म्हणाला, "काका, उद्या लावतो ही बाजू. आज बसू द्या त्यांना."

दुसऱ्या दिवशी दार बसलं, कुलूप लागलं. दुपारी मंदाकिनीबाई खाली आल्या. पत्र्यावर हात टेकून त्यांनी अंदाज घेतला, मग दारावर टकटक केलं. "अहो," त्यांनी आत हाक मारली, "दार उघडा. मी आलेय."

माधवराव त्यांच्या मागेच उभे होते. त्या वळल्या आणि परक्या माणसाशी बोलावं तशा मऊपणे म्हणाल्या, "आमचे हे आत आहेत. त्यांना जरा कमी ऐकू येतं. आपण हाक मारून बघता का?"

 माधवरावांनी कुलूप काढलं, आत गेले, दार लोटून घेतलं आणि अंधारात थोडे थांबले. बाहेर पुन्हा टकटक झाली. त्यांनी दार उघडलं.

"किती वेळ लावलात," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांच्या अंगावरून आत आल्या, आणि जाता जाता त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं.

वल्लरीला त्यांनी हे सांगितलं नाही. रोज चारला बाई उठायच्या आत ते खाली जाऊन दाराआड उभे राहत. अर्धा तास, कधी पाऊण तास ते पुन्हा मंदाकिनीबाईंचे असत. भाजी काय करायची, वल्लरीची फी भरली का, असलं बोलणं चाले. वर आल्यावर बाई त्यांना पुन्हा परक्यासारखं आपण म्हणत.

हे चार महिने चाललं. मार्चमध्ये एका दुपारी टकटक झाली, त्यांनी दार उघडलं, आणि बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "हे नाहीत का घरात?" त्यांनी विचारलं.

"मीच आहे, मंदा."

बाईंनी त्यांच्या खांद्यावरून आतल्या फरशीकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. "मग मी नंतर येते," म्हणाल्या, आणि कठड्याला धरून जिना चढून गेल्या.

त्यानंतर त्यांनी खाली जायचं नाव काढलं नाही. वल्लरीला हायसं वाटलं. बघा, विसरली की नाही, असं ती म्हणाली. माधवराव हो म्हणाले.

चार वाजले की ते मात्र जातात. आज फरशीवर बसले असताना जिन्याकडून आवाज आला. मंदाकिनीबाई स्वयंपाकाच्या कांताबाईंना विचारत होत्या, खाली कोण राहतं. कांताबाई म्हणाल्या, काका बसलेत.  मग वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. जिन्यावर पावलं वाजतात का म्हणून माधवराव बराच वेळ कान देऊन बसले.