सरांनी छापू दिलेला पेपर

विभागप्रमुखपदाच्या मुलाखतीला ती निघाली तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, मुलाखत द्यायला चाललीयस ना? चेहरा जरा सैल सोड." ती हसली.

समितीच्या अध्यक्षांनी तिची संशोधनाची यादी चाळली. "तुमच्या बाकीच्या पेपरांचे संदर्भ लोकांनी भरपूर दिलेत. पण हा मूत्रपिंडाचा पेपर तुम्ही सगळ्यात वर लिहिलाय आणि त्याचे संदर्भ मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. असं का?"

ती उत्तराची जुळवाजुळव करत होती, तोवर टेबलाच्या टोकाला बसलेल्या बालरोगतज्ज्ञ बाईच बोलल्या. "मी सांगू? मुलांच्या रक्तात एक प्रथिन वाढलेलं दिसलं की मूत्रपिंडाच्या आजाराचा संशय घेऊन आम्ही पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडा तपासायला काढायचो. यांचा पेपर वाचला आणि ती चाचणीच बंद केली. कितीतरी पोरांची त्या सुईपासून सुटका झाली. आता जे करायचंच थांबलं, त्यावर पेपर कोण लिहिणार? मग संदर्भ येणार कुठून?"

तिला एकदम सर आठवले. ते प्रथिन म्हणजे सरांचाच शोध. त्यावर त्यांचं सगळं नाव उभं होतं. ती त्यांच्या प्रयोगशाळेत नवीन लागली, तेव्हा तोच शोध पुढे न्यायचं काम तिच्याकडे आलं. पण ताज्या रक्तात तिला ते प्रथिन वाढलेलं दिसेचना. रक्त ठेवून दिलं, त्यातल्या पेशी फुटल्या, की मात्र दिसायचं. म्हणजे ते आजाराचं लक्षण नव्हतंच, शिळ्या रक्ताचं होतं. सोबतचे म्हणाले, "खाल्ल्या घरचे वासे मोजू नकोस. गप्प बस." तिला झोप लागेना. शेवटी धीर करून ती सरांसमोर उभी राहिली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग कोट चढवला आणि सगळे प्रयोग स्वतःच्या हातांनी पुन्हा केले. आपली नोकरी गेली असंच ती धरून चालली होती. एका दुपारी ते तिच्या टेबलापाशी आले. "तुझं बरोबर आहे. चुकलो मीच. छाप."

"पण सर, तुमचं नाव..."

"तेही घाल, शेवटी. स्वतःची चूक स्वतःच काढली, एवढं तरी मिरवीन!"

मिरवायला काही मिळालं नाही. त्यांच्या शोधाचे संदर्भ आटले, परिषदांची बोलावणी बंद झाली. तिच्यासाठी शिफारस मात्र ते दर वेळी भरभरून करत राहिले. त्यांचं आपण नुकसान केलं, ही बोच तिच्या मनात कायम होती.

निवड झाल्याचं कळताच ती तडक त्यांच्या घरी गेली. दार काकूंनी उघडलं. सर खुर्चीत पेंगत होते. निवडीचं ऐकून ते खूश झाले, पण बालरोगतज्ज्ञ बाईंचं बोलणं ऐकल्यावर ताठ बसले.

"काय म्हणाल्या? परत सांग."

तिने परत सांगितलं. सरांनी चष्मा काढला आणि तो पुसतच राहिले. "सुईचं मला ठाऊकच नव्हतं गं. वाटायचं, आपण नुसतं एक चुकीचं वाक्य खोडलं."

"सर, तेव्हा तुम्ही मला दार दाखवलं असतं तर मी आज कुठे असते?"

"दुसऱ्या कुणाच्या तरी चुका काढत असतीस!"

ती हसायला गेली आणि रडली. काकूंनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

"सर, सोमवारपासून नवीन मुलं येतायत. त्यांना रक्त कसं हाताळायचं ते तुम्ही शिकवाल?"

सर काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "ने बाई त्यांना! घरात बसून माझ्या स्वयंपाकाच्या चाचण्या घेतात."

सोमवारी सर इस्त्रीचा शर्ट घालून वेळेच्या आधीच हजर. मुलांनी वह्या उघडल्या, तसे ते म्हणाले, "आधी माझं कुठे चुकलं ते सांगतो." ती मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि मुलांच्या बरोबरीने ऐकू लागली.