दौंड दर्शन

"ह्या सीटपरीस आपल्या ट्रॅक्टरचं मडगार्ड मऊ हाय," रखमाजीमामा बायकोच्या कानाशी पुटपुटले.

"हळू बोला. सूनबाईला ऐकू जाईल," पार्वतीमामी म्हणाल्या.

राजश्रीला ऐकू गेलंच होतं. ती हेल्मेट नीट करत बसली.

ऑफिसच्या सहलीत तिनं पुण्यात इलेक्ट्रिक सायकलवरून शहर दाखवणारी टूर पाहिली, आन् वाटलं, आपलं दौंड काय कमी हाय? कुरकुंभच्या कंपनीतली नोकरी सोडून तिनं सायकली आणल्या. तेव्हापासून बहीण येऊन गेली, नणंद येऊन गेली, चुलतसासरे येऊन गेले. पाहुण्यांकडून पैसे कसे घ्यायचे? उलट टूर संपली की टॉवेल-टोपी देऊन बोळवण. आज नवऱ्याचे, विक्रमचे, केंदूरचे मामा-मामी. परका माणूस अजून एकही नाही.

कंपनीतल्या साहेबांनी तिची खुर्ची रिकामी ठेवली होती. येतेस की दुसरी घेऊ, हे आज संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं.

"हा इंग्रजांच्या वेळचा रेल्वेचा बंगला," तिनं दाखवलं.

"आता कोण ऱ्हातं?" मामांनी विचारलं.

"कुणी नाही."

"मग बघायचं काय?"

विक्रमच्या सायकलच्या कॅरिअरवर बसलेल्या मामींनी त्यांना कोपर मारलं. "झाड बघा की! केवढं हाय!"

सगळ्यांनी मन लावून झाड बघितलं.

शेवटचा थांबा स्टेशन. तिथं राजश्रीनं स्वतः रंगवलेला 'दौंड दर्शन'चा बोर्ड होता. नुकतीच गाडी आलेली, माणसांचा लोंढा बाहेर पडत होता. त्यातलं एक जोडपं बोर्डापाशी थबकलं. राजश्रीनं पदर सारखा केला, हसली.

"ताई, नगरकडं जाणारी गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर लागते?"

तिनं सांगितलं. जोडपं पळालं.

"उन्हाचं कोण फिरतंय," विक्रम चपलेकडं बघत म्हणाला. "पाऊस पडू दे, येतील."

"व्हय, श्रावणात येतील," मामांनी री ओढली.

थंडीत विक्रम म्हणाला होता, उन्हाळ्याच्या सुट्टीत येतील.

फोन वाजला. साहेब. राजश्रीनं तो हातातच वाजू दिला. विक्रमनं मान फिरवली, मामा टायर दाबून बघायला लागले.

मामी कॅरिअरवरून उतरल्या. तिच्या पाठीवर हात ठेवला.

"राजश्री, दौंडाला कुणी गाव बघायला उतरत न्हाई गं बाई. गाडी बदलायला उतरत्यात."