उघडं लोखंड

मुहिद्दीनने घासणी झटकली आणि सायकलच्या फ्रेमवर पुन्हा हात फिरवायला सुरुवात केली. फ्रेम द्राक्षाच्या मांडवाला दोरीने टांगलेली होती. जुना निळा रंग केव्हाच उतरला होता. चाकं, पायडल, घंटी, सगळं पुसून भिंतीशी ठेवलेलं.

सायकल उमिदाची, त्याच्या बायकोची. कोकंद शहरातल्या त्यांच्या मोहल्ल्यात घरोघर इंजेक्शनं द्यायला ती हिच्यावरूनच जायची. ती गेल्याला वर्ष झालं, वर्षश्राद्धासारखा पुलाव झाला, तिच्या वस्तू वाटल्या, तेव्हा सायकल तिच्या धाकट्या बहिणीच्या, मुक्करमच्या वाट्याला आली. उमिदाचे पेशंट आता तीच बघायची, पायी हिंडून. "रंगवून देतो," असं मुहिद्दीनच म्हणाला होता, त्यालाही आता बरेच दिवस झाले होते.

फाटकाची कडी वाजली. मुक्करम आली, औषधांची पिशवी ठेवली आणि चपला काढून तळपाय चोळत बसली.

"दाजी, माझी सायकल रंगवताय की म्हातारी करताय?"

"नीट घासल्याशिवाय रंग धरत नाही."

"जन्मभर कारखान्यात रंगारी होतात म्हणे. मला तर वाटतं, फाटकावर बसवलं होतं तुम्हाला."

त्याने तिच्या वाटीत चहा ओतला. तो पिऊन ती फ्रेमजवळ गेली. सीटखालच्या नळीपर्यंत आज त्याची घासणी अजून पोचली नव्हती. काल संध्याकाळी तीही चकचकीत होती. आता तिच्यावर गंज उमटला होता. एका अंगाला चार लांबट डाग, दुसऱ्या अंगाला एक. बोटांचे.

"उघडं लोखंड रात्रभर असंच ठेवता?"

"अस्तराचा रंग संपलाय."

अस्तराचा डबा ओट्यावरच होता, झाकणसुद्धा न उघडलेला. तिला तो दिसला. तिला दिसल्याचं त्यालाही कळलं.

"घामाचा हात लागला की गंज धरतो," तो खाली बघत म्हणाला. "कारखान्यात हातमोजे घालायचो आम्ही."

"आणि इथे?"

मुहिद्दीनने घासणी उलटी केली, मग सुलटी केली.

मुक्करम फ्रेमच्या आणखी जवळ सरकली. उन्हातून चालून आल्याने तिचा हात अजून घामाने ओलसर होता. घासून लख्ख झालेल्या दांडीवर तिने पूर्ण तळवा टेकवला आणि तसाच धरून ठेवला.

"उद्या येते," ती म्हणाली. "कुठवर आलंय ते बघायला."

मग चपला घातल्या, पिशवी खांद्याला लावली आणि पुढच्या पेशंटकडे चालत निघाली.