डोळा नसलेलं पान

दमयंतीचा मनीप्लांट खिडकीच्या गजांवरून चढत पार पंख्याच्या हुकापर्यंत पोचला होता. सुकापूरच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तिच्याशिवाय जिवंत असं तेवढंच होतं. गव्हाणला, गावच्या घरी, तिच्या मांडवाला दुधी असे लगडायचे की येणाऱ्याला वाकूनच यावं लागे. पुढे जमीन गेली, नवरा गेला, आणि कल्पेश नोकरीसाठी बेंगळुरूला गेला. हाताशी उरली एक कुंडी.

गणपतीला आलेला कल्पेश परत निघाला तेव्हा टॅक्सी खाली हॉर्न वाजवत होती. जाता जाता त्याने वेलाचं एक टपोरं पान देठापासून खुडलं आणि पाण्याच्या बाटलीत खोचलं. "तुझ्या घरातलं काहीतरी असू दे गं माझ्याकडे," म्हणाला. दमयंती त्या एका वाक्यावर अशी विरघळली की पानाबरोबर डोळा आलाच नाही, हे टॅक्सी गेल्यावर तिच्या लक्षात आलं. वेलाला पान जिथे फुटतं तिथली बारीक गाठ म्हणजे डोळा. तो नसला तरी पान पाण्यात महिनोन्महिने हिरवं राहतं, त्याला मुळंही येतात. पण दुसरं पान काही फुटत नाही.

ती सांगणारच होती. पण रविवारी त्याचाच फोन आला. एरवी हे चिरंजीव महिना महिना गायब, आणि फोन केलाच तर "बरी आहेस ना?" एवढ्यावर आटपणार. त्या दिवशी चांगली पंचवीस मिनिटं बोलला.

"आई, मूळ आलंय! आता नवीन पान कधी?"

"येल रे पोरा. घाई नाय करायची. पानी बदलत जा."

मग दर रविवारी नवा सल्ला. बाटली पूर्वेला ठेव, पंख्याखाली नको, पान ओल्या फडक्याने पूस. बोलता बोलता तो काय जेवला, ऑफिसात कोण डोकं खातं, हेही निघायचं. पोराला फसवतेय, हे तिला टोचत होतं. पण खरं सांगितलं की रविवार पुन्हा मुका होणार, याची भीती त्याहून मोठी होती.

मार्चमध्ये पान पिवळं पडून गळलं. "शेजारच्या हेतलताई इकडे येतायत ना? त्यांच्याबरोबर दुसरं पाठव," कल्पेश म्हणाला. "या वेळी नीट वाढवतो."

हेतल बॅग घेऊन दारात आली तेव्हा दमयंती स्टुलावर उभी होती. डोळा बोटाला लागला, चांगला टचटचीत. त्याच्या खाली कापलं असतं तर महिन्याभरात कोंब आला असता आणि वर्षभरात पोराची भिंत हिरवी झाली असती. मग त्याला आईला विचारायला काय उरलं असतं? तिने कात्री वर सरकवली आणि नुसता देठ कापला.

ओल्या कापडात गुंडाळलेलं पान हेतलने जपून घेतलं. "मावशी, याला मूळ येईल ना?"

"येल की. मूळ नक्की येल."

दार लावून ती परत आली. वेलावरचा डोळा जागच्या जागी होता.