लाल पट्ट्यातले घर

क्षितिजा परवापासून कोपऱ्यातल्या खोलीत बसली होती. एर्लांगेनजवळच्या खेड्यात राहणारी, पीएच.डी. झालेली बाई पाळीचे दिवस बाजूला बसते, हे तिच्या ऑफिसातल्या जर्मन मैत्रिणींना खरे वाटले नसते. बाळाला सांभाळायला पुण्याहून आलेल्या सासूबाईंशी, वीणाताईंशी, वाद घालायचे त्राणच तिच्यात उरले नव्हते. अन्वी तीन महिन्यांची, अंगावरचे दूध पुरत नाही, झोप नाही. निदान पाठ टेकायला मिळते, अशी तिने मनाची समजूत घातली होती. आपल्या शिकलेल्या घरांतून ही रूढी अशीच टिकते. तिच्यावर कुणाचा विश्वास असतो असे नाही, भांडायचा कंटाळा येतो एवढेच.

त्या सकाळीही ती लॅपटॉपवर नकाशा रंगवत होती. कुठल्या शेतांतले शेणखत आणि युरिया मुरून भूजलात उतरेल, कुठले वाहून ओढ्याला मिळेल, ते दाखवायचे हे तिचे काम. रेताड माती, मक्याची शेते, उथळ पाणी. आकडे भरले आणि तिच्या स्वतःच्याच गावाचा पट्टा लाल झाला, म्हणजे इथले खत सरळ भूजलात उतरते. तिला फारसे काही वाटले नाही. नळाचे पाणी दुरून येते, तपासलेले असते.

तेवढ्यात बागेतला हातपंप कुरकुरला. तिने खिडकी उघडली. वीणाताई सोवळे नेसून कळशी भरत होत्या.

"आई, ते पाणी कशाला?"

"अन्वीच्या दुधाची पावडर कालवायला. न्हाणीघरात तू ज्या नळाला शिवतेस, त्याच पाइपाचं पाणी स्वयंपाकघरात येतं ना! तू बसल्यापासून हेच वापरतेय. चांगलं खळखळून उकळते हो, काळजी करू नकोस."

उकळल्याने जंतू मरतात, खतातले नायट्रेट जात नाही. पाणी आटते तसे ते उलट वाढते, आणि तान्ह्या बाळाच्या रक्ताला ते प्राणवायू वाहू देत नाही. कालपासून अन्वीचे ओठ निळसर दिसत होते आणि थंडीने असेल म्हणून सगळे स्वस्थ बसले होते. क्षितिजा पाळण्याकडे धावली. तिच्या नवऱ्याने, शार्दूलने, गाडी काढली.

हॉस्पिटलच्या बाकावर तिने त्याला विचारले, "पंपावर घरमालकिणीची पाटी आहे, पिण्यासाठी नाही म्हणून. तू वाचली नव्हतीस?"

"हो, वाचली होती. पण आई उकळत होती गं. आणि चार दिवसांसाठी उगीच वाद कशाला?"

क्षितिजा उठून तपासणीच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. वाद घालायलाही अंगात बळ लागते.

अन्वी वाचली. वेळेवर आणलंत, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात वीणाताईंनी पुन्हा कोपऱ्यातल्या खोलीत सतरंजी घातली. क्षितिजा अन्वीला खांद्यावर घेऊन सरळ स्वयंपाकघरात शिरली.

"अगं, आत देव आहेत!"

"असू देत, आई. गावाच्या पाण्याचा नकाशा मी करते, आणि माझ्या लेकीच्या बाटलीत कुठलं पाणी आहे ते मलाच ठाऊक नव्हतं. मी आता बाजूला बसणार नाही. या महिन्यात नाही, कधीच नाही."

शार्दूल दारात घुटमळत होता. "क्षितिजा, जरा हळू..."

"आत ये, नाहीतर बाहेर जा," ती म्हणाली. "तू असा दारात उभा राहिलास म्हणून ही निळी पडली."

तो आत आला आणि खाली मान घालून बाटली धुऊ लागला.

वीणाताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. क्षितिजाला वाईट वाटले, पण समजूत काढायला ती गेली नाही.